आमचा अर्ज दप्तरी दाखल करू नका

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले सर्व ४८ सन्माननीय सदस्य

विषय : समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला व सहजीवनाला कायद्याचा आधार मिळणेबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेली अव्वल कारकून आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. एकतीस वर्षं तहसील कचेरीत काढली. आधी पुरवठा शाखा, मग कुळकायदा, शेवटची सहा वर्षं आस्थापना. नोकरीला लागले तेव्हा माझ्या पहिल्या नायब तहसीलदारांनी एक गोष्ट शिकवली. कागद कुणाचाही असो, कितीही चुरगळलेला असो, त्याच्यावर आवक क्रमांक पडला पाहिजे. मंजूर करायचा तर करा. नामंजूर करायचा तर कारण लिहून नामंजूर करा. पण शेरा न मारता कागद दप्तरी दाखल करायचा नाही. "नाही म्हणा बाई, पण काहीतरी म्हणा. माणूस एस्टीचं भाडं खर्चून आलेला असतो," असं ते म्हणायचे.

आज आपल्याला लिहिते आहे ते याच कारणाने.

१ एप्रिल २०२२ रोजी, शुक्रवारी, आपल्यातल्याच एक सदस्य, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये दुरुस्ती सुचवणारं. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना या कायद्याखाली लग्न करता यावं, कायद्यात जिथे पती आणि पत्नी आहे तिथे जोडीदार यावा, दोघे पुरुष असतील तर वय २१ आणि दोघी स्त्रिया असतील तर १८ धरावं, असं त्यात होतं. त्या विधेयकावर सभागृहात चर्चा झाली नाही. जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. व्यपगत हा शब्द मी नोकरीत शेकडो वेळा लिहिला असेल. अनुदान व्यपगत होतं, मंजूर पद व्यपगत होतं. माझ्या घरातली दोन माणसं कधी या शब्दाखाली येतील, असं वाटलं नव्हतं.

मी सुळे यांच्या मतदारसंघातली नाही. त्यांच्या पक्षाशी माझा काही संबंध नाही. खासगी विधेयकाचं नशीब काय असतं तेही मला ठाऊक आहे. १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं झालं ते १९७० साली. म्हणजे आपलं विधेयक मंजूर व्हायचं नाही, हे त्यांना मांडतानाच माहीत असणार. तरी त्यांनी ते लोकसभेच्या कामकाजात नोंदवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर अर्जावर आवक क्रमांक पडला. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, तेव्हाच्या दंडसंहितेतल्या कलम ३७७ मध्ये दुरुस्ती करायचं विधेयक आणलं होतं, ते सभागृहाने मांडूसुद्धा दिलं नाही. ७१ विरुद्ध २४ मतं पडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यसभेने तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक मंजूर केलं होतं, पण ते लोकसभेतून पार पडलं नाही. तेव्हा हे काम किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. माझी तक्रार हरण्याबद्दल नाही. त्या विधेयकावर आपल्यापैकी बाकीच्यांचं मत काय आहे, तेच मला आजवर कळलेलं नाही.

माझा यात काय संबंध, ते आता सांगते.

माझा मुलगा अडतीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. त्याचा जोडीदार त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. माणदेशातल्या एका वाडीवरचा, शेतकऱ्याचा मुलगा. दोघे अकरा वर्षं एका घरात राहतात. आपल्या मराठीत साडूला शब्द आहे, चुलतसासऱ्याला आहे, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या बायकोलाही आहे. याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. मी त्याला नावाने हाक मारते आणि तो मला आई म्हणतो. शेजारी "मुलाचा मित्र" म्हणतात. त्यातले बरेच जण समजूनच म्हणतात.

गेल्या आषाढात रात्री साडेनऊच्या सुमाराला कात्रजच्या उतारावर त्याची दुचाकी घसरली. डोक्याला मार लागला. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला गेले होते. माझा मुलगा त्याला घेऊन रुग्णालयात गेला, मागोमाग रिक्षाने मी. स्कॅनमध्ये मेंदूत रक्त साकळलेलं दिसलं. शस्त्रक्रिया करावी लागेल, नातेवाइकांची संमती हवी, असं डॉक्टर म्हणाले. खिडकीतल्या मुलीने अर्ज पुढे केला. सवयीने मीही चष्मा लावून तो वाचला. रुग्णाचे नाव. वय. पत्ता. रक्तगट. कोणत्या औषधाची ॲलर्जी. माझा मुलगा भराभर लिहीत होता. मग आलं, "संमती देणाऱ्याचे रुग्णाशी नाते". तिथे पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. शेवटी त्याने लिहिलं, "मित्र".

ती मुलगी वाईट नव्हती. बावीस-तेवीसची असेल. आवाज खाली करून म्हणाली, "सर, मित्र चालणार नाही. रक्ताचं किंवा लग्नाचं कुणी आहे का?" मी म्हटलं, "मी सही करते, मी आई आहे." तिने विचारलं, "पेशंटची?" मला हो म्हणता आलं नाही. खोटं प्रतिज्ञापत्र करू नका म्हणून एकतीस वर्षं मी लोकांना बजावत आले होते.

त्याचा सख्खा भाऊ गावाकडून शेजाऱ्याची जीप घेऊन निघाला, तो रात्री दीड वाजता पोहोचला. तोवर डॉक्टरांना जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्या माणसाचं पथ्यपाणी, पगार, झोप, सगळं माझ्या मुलाला पाठ आहे, त्याच्यासाठी एक सही करता येत नाही म्हणून तो साडेतीन तास तो कागद मांडीवर घेऊन बसला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भाऊ आला तो बाजरीची पेरणी टाकून. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. "कुठं करायची सही?" एवढंच त्याने विचारलं. सही केली, पेन माझ्या मुलाच्या हातात दिलं आणि खिडकीतल्या मुलीला म्हणाला, "हितनं पुढं ह्येनलाच इचारा. त्येचं सगळं ह्येच बघत्यात." तिने मान हलवली. पण पुढचे नऊ दिवस प्रत्येक कागदाला त्या भावालाच बोलवावं लागलं. अतिदक्षता विभागाचा पास त्याच्याच नावावर. त्याची पेरणी तशीच राहिली.

माणूस वाचला. डाव्या हातात अजून पूर्ण ताकद आलेली नाही, पण वाचला.

आता तक्रारी. नोकरीच्या सवयीने क्रम लावते, पण साऱ्यांचं वजन सारखं नाही.

पहिली तक्रार त्या रकान्याची. बेशुद्ध माणसाच्या वतीने कुणी बोलायचं हे तो शुद्धीवर असताना त्याला स्वतःला ठरवता आलं पाहिजे. हे काही नवलाचं मागणं नाही. आपल्याच संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. त्यात कुणाही प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो रक्ताचाच हवा अशी अट नाही. लैंगिक कल कोणता आहे यावरून उपचारात भेदभाव करायचा नाही, हेही त्या कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्या मुलाच्या जोडीदाराला मानसिक आजार झाला तर माझा मुलगा त्याचा प्रतिनिधी होऊ शकतो आणि डोकं फुटलं तर होऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा. हे पत्र मी चार वेळा वाचलं. ते निघालं हे बरंच झालं. पण जिवंतपणी सही नाही, आणि मेल्यावर दुसरं कुणी आलं नाही तर देह मिळेल, यावर एका आईने समाधान मानावं का?

दुसरी तक्रार शिधापत्रिकेची. ती जरा सविस्तर सांगते, कारण ती माझ्याच टेबलावरची आहे. समलिंगी विवाहाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर अन्न खात्याने राज्यांना कळवलं की अशा जोडप्यांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरावं. हे वाचल्यावर मी छापील प्रत घेऊन पुरवठा शाखेत गेले. टेबलावर आता एक तरुण मुलगा आहे. मी कोण ते कळल्यावर उठून उभा राहिला, चहा मागवला. पत्र मन लावून वाचलं. "मॅडम, आमच्याकडं असं परिपत्रक आलेलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, अर्ज भरून तर बघू. त्याने संगणकावर नमुना उघडला. "कुटुंबप्रमुखाशी नाते" या रकान्यापुढची यादी वर-खाली सरकवली. पत्नी, मुलगा, मुलगी, सून, आई, वडील, भाऊ. यादी संपली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, 'इतर' करू का?"

हा रकाना मी स्वतः हजारो वेळा भरला आहे. निराधार मावशीला भाच्याच्या पत्रिकेवर घेताना, टाकून दिलेल्या सुनेचं नाव वेगळं काढताना. तेव्हा कधी वाटलं नाही की या एका शब्दावर कुणाचं कुटुंब असणं किंवा नसणं ठरतं. मी त्या मुलाला म्हटलं, राहू दे. आम्हाला धान्य नको होतं. आम्ही एका घरातले आहोत, असं सरकारच्या एका तरी कागदावर हवं होतं.

तिसरी तक्रार पैशाची. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम दिली तरी त्यावर प्राप्तिकर लागत नाही. माझ्या मुलाने जोडीदाराला वर्षात ५० हजारांहून जास्त दिले तर ते नातेवाइकाकडून आलेले धरत नाहीत आणि त्यावर कर बसतो. याविरुद्ध एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. माझ्या मुलाच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात पती-पत्नी, मुलं आणि आईवडील बसतात. मी बसते. तो बसत नाही. शस्त्रक्रियेसाठी दोघांच्या मुदत ठेवी मोडाव्या लागल्या. राहतं घर जोडीदाराच्या एकट्याच्या नावावर आहे. ते त्याला दोघांच्या नावावर करायचं आहे. आपल्या राज्यात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. परक्याला दिलं तर बाजारमूल्यावर टक्केवारीने. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. निम्मं घर द्यायचं तरी आकडा लाखांत जातो. नाही तर मृत्युपत्र करायचं आणि ते पुढे कुणी आव्हान देणार नाही अशी आशा धरायची. मृत्युपत्रं दोघांनी केली आहेत. त्या कागदाला किती फाटे फुटू शकतात ते मी कुळकायद्याच्या टेबलावर बसून पाहिलेलं आहे.

निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नियुक्तीबद्दल थोडक्यात. आस्थापनेत असताना मी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कितीतरी फायली पुढे पाठवल्या. त्या नमुन्यातही तोच रकाना आहे. सरकारी नोकरीतली अशी किती माणसं आयुष्यभर तिथे रेघ मारून गेली असतील, याचा विचार निवृत्त झाल्यावर माझ्या मनात येतो.

आणखी एक तक्रार आहे. ती लिहिणं मला सगळ्यात जड जातं, कारण तिच्यात मीही आहे.

२०१२ च्या दिवाळीत मुलाने मला आणि त्याच्या वडिलांना सांगितलं. मी त्याला नोकरी सोडायला लावून घरी आणलं. शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हा आजार आहे, बरा होईल असं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. आठ महिने मी त्याला त्या गोळ्या दिल्या. रात्री दुधाबरोबर, माझ्या हाताने, तो गिळेपर्यंत समोर उभी राहून. त्याचे हात थरथरायचे. कपबशी वाजायची. मी म्हणायचे, होईल सवय.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा पूर्वीसारखं लागू झालं. बातम्या चालू होत्या. तो टीव्हीसमोर बसून होता. म्हणाला, "आई, सकाळपर्यंत मी आजारी होतो. आता गुन्हेगारही झालो." त्या रात्री मी गोळ्यांची पट्टी फेकून दिली. दूध तेवढं दिलं.

६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द ठरवताना न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची म्हटलं, ते मला फार लागलं. माझी माफी कुणी मागायची गरज नाही. मी माझ्या मुलाची मागितली आहे. पण मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, की हा आजार नाही आणि जो डॉक्टर आजार म्हणतो तोच चुकतो आहे, तर ते आठ महिने त्याच्या आयुष्यातून गेले नसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं जाहीर केलं. तालुक्याच्या गावात ते कुणाला माहीत आहे? आजही कुठली तरी आई दुधाचा पेला घेऊन उभी असेल.

आता आपल्या बाजूने जे म्हटलं जातं त्याबद्दल.

२०२३ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की विवाहाची ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार आहेत. माणदेशातल्या त्या वाडीवर कधीतरी या. जीप घेऊन आलेल्या भावाला भेटा. त्याचं शिक्षण दहावीपर्यंत झालं आहे. आपला भाऊ कुणाबरोबर राहतो हे त्याला नीट कळतं आणि कुणाला काय विचारायचं हेही. त्यांची आई, म्हणजे खरं तर माझी विहीण, दर संक्रांतीला माझ्यासाठी बाजरीचं पीठ आणि तीळ पाठवते. आम्हा दोघींना या नात्याबद्दल एकमेकींना काही समजावावं लागलं नाही. पहिल्या भेटीत तिने फक्त विचारलं होतं, "पोरगं जेवतं का वेळेवर?"

दुसरं म्हटलं जातं की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. मी महाराष्ट्रातली आहे, म्हणून महाराष्ट्रातलंच सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यात हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न होते, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या काळात बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळाचे सदस्यही होते. त्यांच्यापुढे तेव्हा कोणते प्रश्न उभे होते हे आपल्याला मी सांगायला नको. एवढ्या मोठ्या कामात हा नसता विषय कशाला, लोक काय म्हणतील, असं त्यांनी म्हटलं नाही. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण एका लोकप्रतिनिधीने नव्वद वर्षांपूर्वी या मातीत हे करून ठेवलेलं आहे. आपल्यातले जे जे १४ एप्रिलला चैत्यभूमीवर किंवा आपापल्या गावच्या पुतळ्याला हार घालायला जातात, त्यांनी त्या दिवशी या खटल्याचीही आठवण ठेवावी.

तिसरं कारण मी निवडणुकीत माझ्या दारातच ऐकलं. प्रचाराला आलेल्या एका कार्यकर्त्याला मी हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काकू, तुमचं बरोबर आहे, पण हा विषय आत्ता नको. मतं जातील." निदान तो खरं बोलला. पण मग आमच्या मताचं काय? माझं आहे, मुलाचं आहे, त्याच्या जोडीदाराचं आहे, वाडीवरची चार आहेत. आम्हीही रांगेत उभं राहून शाई लावून घेतो.

चौथं कारण आता उरलेलंच नाही. हा विषय न्यायालयाचा की संसदेचा, असा वाद बरीच वर्षं चालला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत म्हटलं गेलं की असा सामाजिक प्रश्न दोन न्यायाधीशांनी बसून ठरवायचा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. काही मुद्द्यांवर तीन विरुद्ध दोन अशी फूट होती, पण विवाहाचा कायदा करणं संसदेचं काम आहे यावर पाचही जण एकमत होते. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे न्यायालयाने आमचा अर्ज योग्य त्या टेबलाकडे पाठवला. ते टेबल आपलं आहे. शेजारच्या नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली.

विशेष विवाह कायद्याबद्दलही एक सांगावंसं वाटतं. वेगळ्या जातीधर्माची मुलं-मुली या कायद्याखाली नोटीस द्यायला यायची, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आहे. तीस दिवस नावं फलकावर राहायची आणि तीस दिवस त्यांच्या जिवाला घोर. तेव्हाही लोक म्हणायचे की यांना लग्न कशाला हवं, राहू देत की नुसते. पण ज्यांना जातीची, धर्माची पंगत वाढत नाही त्यांच्यासाठीच हा कायदा आहे. म्हणून त्यातच दोन शब्द बदलावेत ही सुळे यांच्या विधेयकातली सूचना मला योग्य वाटते. सप्तपदी, मंगळसूत्र, निकाह, चर्च, यातल्या कशालाही तिचा धक्का लागत नाही. ज्यांना आपल्या धर्माच्या रीतीने लग्न करायचं त्यांची वाट जशी होती तशीच राहते.

म्हणून आपल्याकडे मागण्या करते.

एक. हे विधेयक अठराव्या लोकसभेत मांडून चर्चेला आणा. एकट्याने आणा किंवा पक्ष बाजूला ठेवून चौघा-पाचांनी मिळून आणा. पाण्याच्या आणि कांद्याच्या प्रश्नावर आपण एकत्र निवेदनं देताच.

दोन. ते येवो न येवो, प्रत्येक सदस्याने आपलं मत लेखी द्यावं. पाठिंबा असेल तर तसं, विरोध असेल तर कारणासह विरोध. विरोध करणाऱ्यांनाही मी उत्तर पाठवीन, आदरानेच.

तीन. मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीने आजवर काय ठरवलं आणि राज्यांकडून किती अंमलबजावणी झाली, याचा अहवाल सभागृहात मागा. शिधापत्रिका, संयुक्त बँक खातं, मृतदेहाचा ताबा याबद्दलची पत्रं नुसत्या सूचना राहू नयेत, त्यांचे आदेश व्हावेत. तालुक्याच्या टेबलापर्यंत न पोहोचलेल्या पत्राचा माणसाला उपयोग नसतो. हे मी त्या टेबलावर बसलेली बाई म्हणून सांगते.

चार. मानसिक आरोग्य कायद्यात आहे तशी नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद सर्व वैद्यकीय उपचारांसाठी करा. याचा फायदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना होईल, लग्न न केलेल्या बहिणींना होईल, परदेशी मुलं असलेल्या आईबापांना होईल. यात विरोध करण्यासारखं काय आहे, ते मला खरोखरच दिसत नाही. सगळ्या मागण्यांतली एकच मान्य करणार असाल तर ही करा.

पाच. समलिंगी कल बरा करून देतो म्हणणाऱ्या उपचारांवर कायद्याने बंदी घाला आणि ती मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा.

मुद्रांक शुल्काची सवलत आणि राज्य कर्मचाऱ्यांचे नियम मुंबईत ठरतात, म्हणून या पत्राची प्रत विधिमंडळाच्या सदस्यांनाही देत आहे.

पुढच्या महिन्यात त्याच्या हाताच्या तपासणीसाठी पुन्हा जायचं आहे. भावाला बोलवायचं नाही असं ठरलं आहे, त्याची ज्वारी काढणीला आलेली असेल. उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल. फक्त त्याच्यावर शेरा असावा.

आपली विश्वासू,
दोन मुलांची आई
(निवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर :
महाराष्ट्र विधानसभेचे २८८ व विधान परिषदेचे ७८ सन्माननीय सदस्य